कामथडीवरून जाणारं विमान

पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं विमान आमच्या कामथडीवर किती वाजता येईल, हे गणित त्या काळी सबंध पंचक्रोशीत फक्त मला येत होतं. निदान मी तसं गावात सांगितलं होतं.

माझा मेहुणा सखाराम पुण्याला विमानांचा मेकॅनिक. त्याची कराचीला बदली झाली आणि बहिणीला भेटून जायला रजा मिळेना. मग कार्ड आलं : 'सोमवारी सकाळी आठला विमानाबरोबर कोल्हापूरला निघतोय. वाट तुमच्या गावावरूनच आहे. अक्काला खळ्यावर लग्नातला लाल शालू पसरून उभी राहायला सांगा. वरून बघीन.'

आमची गोदा, म्हणजे त्याची अक्का, ते कार्ड हातात धरून घरभर फिरत होती. "कराचीस्नं आता कवा यायचा त्यो? अवो, हिसाब नीट करा. त्याला म्या दिसले पायजे!"

"अगं, वेळ-अंतर मी पोरांना शाळेत शिकवतो!" म्हणत मी पाटी ओढली. चूक एवढीच, की सर्व्हिस मोटारीशिवाय मी जन्मात कशात बसलो नव्हतो. सडकेचे मैल धरले. कात्रजच्या चढाला वेग निम्मा केला. घाटात इंजिनात पाणी ओतायला दहा मिनिटं. खेड-शिवापूरला ड्रायव्हरचा चहा (हा माणूस चहावरून कधीच लवकर उठत नाही!). उत्तर आलं, साडेनऊ.

"इमान कात्रजच्या बोगद्यातनं येनार व्हय?" गोदानं विचारलं.

"गणितात मधे बोलू नकोस!"

सोमवारी सव्वाआठला गोदा भाकऱ्या थापत होती, शालू ट्रंकेत होता आणि मी ओट्यावर अर्धी दाढी करून बसलो होतो. डोक्यावर घर्रर्र झालं! गोदा पिठाच्या हातांनी अंगणात धावली, पुन्हा ट्रंकेकडे धावली, तोवर विमान किकवीच्या अंगाला दिसेनासं झालं.

"हे ते नव्हे!" मी साबणाच्या तोंडानं ओरडलो. "आपलं साडेनऊला आहे!"

माझ्या शब्दावर अर्धं गाव दहापर्यंत खळ्यावर उभं राहिलं. मग एकेक जण माझ्याकडे न बघता निघून गेला.

"विमान लवकर आलं," मी म्हणालो.

"लवकर न्हाई आलं. तुमी त्याला चा पाजत बसलात!" म्हणून गोदा जी रडायला लागली, की मला खरंच जेवण गेलं नाही.

कार्डाच्या कोपऱ्यात मात्र लिहिलं होतं : 'गुरुवारी नऊला कोल्हापूरहून परत.' मी शाळेतला नकाशा घरी आणला, सुतळी ताणून सरळ रेष मोजली. चहा नाही, घाट नाही. उत्तर, दहा वाजून बारा मिनिटं!

"त्याआधी उन्हात बसू नकोस," मी गोदाला बजावलं.

"तुमी तुमचं बगा." उजाडताच तिनं शालू पसरला, चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवले आणि शेजारी बसून राहिली.

दहा वाजून बारा मिनिटं झाली. विमान नाही! साडेदहा, अकरा. मी उठत होतो, बसत होतो, घड्याळ कानाला लावत होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाऱ्याची दिशा विचारत होतो. शेवटी खळ्याच्या मधल्या खांबाशी, मेढीशी, उकिडवा बसून पाटीवर सगळं गणित पुन्हा मांडलं. तेवढ्यात मागे जमलेल्या गावाचा आरडाओरडा झाला. "सखा! आरं सखा!" गोदा किंचाळत होती. मी मान वर केली नाही. उत्तरात नव्हतं, तर आकाशात येईल कुठून? मान वर केली तेव्हा आकाश मोकळं होतं आणि गोदा एकाच वेळी हसत आणि रडत होती.

आठवड्यानं कराचीहून पत्र आलं. गोदाला वाचता येत नसल्यामुळे मीच ते ओट्यावर, चारचौघांत, मोठ्यानं वाचलं : 'अक्का, कोल्हापूरला धुक्यानं उशीर झाला. पण तू दिसलीस, दोन्ही हात वर करून उभी! डोळे भरून आले. एकच काळजी लागली आहे. सगळं गाव वर बघत होतं आणि मेढीपाशी एक जण डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्या घरचं कुणी गेलं का?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लिवा त्याला," गोदा म्हणाली, "कुनी गेलं न्हाई. दाजी गनित करत व्हते."

आणि तेही मलाच, माझ्या सुंदर अक्षरात, लिहावं लागलं.