एझिकिएल टिलटसनचं घर कुणी बांधलं

आमच्या हॅलोवे काउंटीला इतिहास थोडा, पण त्याची हौस दांडगी. मक्याची शेतं होती, ती विकली गेली, त्यांवर घरं आली. यापलीकडे इथं फारसं काही घडलेलं नाही. तरी रस्त्यांच्या कडेला ब्राँझच्या एकवीस पाट्या आहेत. त्यातली एक सांगते की एका सेनापतीने या वळणावर घोड्याला पाणी पाजलं. घोडा तरी खरा होता का, हे मी विचारत नाही, कारण पाट्या आमच्या इतिहास मंडळानेच लावल्यात आणि मंडळाचा चिटणीस मीच आहे.

मंडळाची खरी शान म्हणजे शॉपिंग सेंटरच्या मागचं ओंडक्यांचं घर. काउंटीचा पहिला रहिवासी एझिकिएल टिलटसन याने ते १८३१ साली स्वतःच्या हातांनी बांधलं, असं पाटी म्हणते. त्याचा वंशज रसेल टिलटसन आमचा अध्यक्ष आहे आणि आजूबाजूची सगळी वस्ती रसेलच्या वडिलांनी बांधून विकली, हा निव्वळ योगायोग.

हे घर दाखवायचं काम व्हर्ना ओडेगार्डकडे होतं. दातांच्या डॉक्टरकडे फोन घेण्यात तिचा जन्म गेला, पण दर मे महिन्यात शाळांच्या बस आल्या की ती करडा झगा आणि झालरीची टोपी घालून १८३१ सालात जायची. चौथीच्या पोरांना लोण्यासाठी बरणीत साय हलवायला लावायची, एझिकिएलने एकट्याने ओक कसे पाडले ते सांगायची. तेहतीस वर्षं तिने हे केलं, फुकट. ऐकताना पोरं एकमेकांना चिमटे काढायची.

मग गावातलं जुनं वर्तमानपत्र बंद पडलं आणि त्याची खोकी आमच्या माथी आली. कुणालाच नको होती, म्हणजे अर्थातच व्हर्नाकडे गेली. चौथ्या खोक्यात तिला १९५७च्या जुलैमधला एक फोटो सापडला. अर्धवट उभं राहिलेलं आपलं हेच घर, मागे क्रेन, पुढे नव्या वस्तीचा फलक: 'पायोनियर एकर्स. पूर्वजांच्या भूमीत घर घ्या.' खाली छापलं होतं की घरं विकण्याचं हे ऑफिस कामगारांनी अकरा दिवसांत बांधलं. दाराच्या चौकटीत एक माणूस डाव्या हाताने खिळा ठोकत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

ते व्हर्नाचे वडील होते. लॉईड ओडेगार्ड, सुतार. ती पोरगी असताना ते शेजारच्या काउंटीत राहायचे आणि काम मिळेल तिकडे जायचे.

पुढच्या बैठकीत तिने फोटो टेबलावर ठेवला. घर पाडा, पाटी उतरवा, असलं काही ती म्हणाली नाही. पाटीवर वडिलांचं नाव घाला, एवढंच तिचं मागणं होतं. रसेलने चष्मा लावून फोटो पाहिला आणि ही डागडुजी चालली असावी असा निष्कर्ष काढला. सबंध भिंतीच नाहीत अशा घराची डागडुजी आमच्याच काउंटीत होऊ शकते.

"आणि व्हर्ना, सुतार तर प्रत्येक घराला लागतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या पाट्या लावत बसायचं का आपण?"

"सगळ्यांच्या नको. ज्याने बांधलं त्याची लाव."

"फोटोवर नाव कुठंय? मंडळाचा नियम आहे, कपाटात लेखी कागद हवा. असेल तर दाखव."

"एझिकिएलचा दाखव की मग."

"एझिकिएल आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे," रसेल म्हणाला.

मतदान झालं. सहा विरुद्ध एक. सहांमध्ये माझाही हात होता. कॉफी गार होत होती आणि रसेलशी वाकडं घेणं मला परवडत नाही. याची मला लाज वाटते, ती इथं सांगून टाकतो.

बाहेर गाडीपाशी व्हर्ना किल्ली हातात धरून उभी राहिली. तिने पहिल्यांदा मुलांना घर दाखवलं, त्या दिवशी वडील मुद्दाम आले होते म्हणे. मागे उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. एझिकिएल, ओक, कुऱ्हाड, सगळं. परतताना एवढंच म्हणाले, "छान बोललीस गं."

"त्यांनी मला तोंडघशी पाडलं नाही," ती म्हणाली. "आणि मी त्यांचं काम तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर सांगत बसले."

मे महिन्यात पहिली बस आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. साधी पँट, साधा सदरा. हे घर माझ्या बापाने अकरा दिवसांत बांधलं, असं तिने मुलांना सांगितलं. अर्ध्या बोटांचा माणूस खिळा कसा धरतो ते दाखवलं, दाराची चौकट सगळ्यांना हाताने चाचपायला लावली. चिमटे बंद झाले. शिक्षिकेने दुपारीच रसेलला फोन केला आणि संध्याकाळपर्यंत व्हर्नाच्या प्रदीर्घ सेवेबद्दल मंडळाची कृतज्ञता, म्हणजे निरोपाची चिठ्ठी, टाइप होऊन तयार होती. टाइप मीच केली.

सहल झाली की आमच्याकडे शाळा पोरांकडून आभाराची पत्रं लिहून घेतात. ती येतात, चिटणीस त्यांवर शिक्का मारतो, नंबर घालतो आणि कपाटात ठेवतो. वाचत कुणी नाही. या वर्षी मी वाचली. सव्वीस पत्रं, आणि प्रत्येकात लॉईड ओडेगार्ड. काहींत चित्रंही होती, बोटं बरोबर मोजून काढलेली. मी सव्वीसही पत्रांवर शिक्के मारले, जरा जोरातच. रसेलला लेखी कागद हवा होता. आता लॉईडचे सव्वीस आहेत आणि एझिकिएलचा एकही नाही. जूनच्या बैठकीत नियम मीच वाचून दाखवणार आहे, हात वर करायच्या आधी.

त्यातलं एक पत्र मी फोनवर व्हर्नाला वाचून दाखवलं. 'लॉईड यांच्या मुलीला, आभार. माझे बाबा छपरं घालतात. घर झाल्यावर ते कुणी बांधलं हे कुणालाच माहीत नसतं. या शनिवारी मी त्यांना तुमच्या बाबांचं दार दाखवायला आणणार आहे. मातेओ झेलाया.'

 

"परत वाच," व्हर्ना म्हणाली.

मी परत वाचलं.