घरच्या माणसांत बसणाऱ्या विमलअक्का

विमलअक्का सोनवणे यांना मी प्रथम पाहिले ते चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. मानसिक आरोग्य पथकात समाजकार्यकर्ती म्हणून माझी नुकतीच नेमणूक झाली होती. पथकाच्या वरिष्ठ परिचारिका त्या गावी गेल्या आहेत असे कळले, म्हणून मी जळगावहून थेट तिकडेच पोहोचले. अक्का एका ओसरीवर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. शेजारी घरचे आबा बसले होते. मुलगा गेल्यापासून त्यांनी बोलणे आणि जेवण जवळजवळ सोडले होते, कोणी परके आले की ते आत निघून जात.

मी पिशवीतून कागद काढू लागले तशा अक्का म्हणाल्या, “बस गं. शेंगा घे.”

मी बसले. बराच वेळ अक्का पाऊसपाण्याचे, म्हशीचे बोलत राहिल्या. आबा उठून आत गेले नाहीत. आम्ही उठायच्या बेतात असताना त्यांनी सुपातले मूठभर दाणे माझ्यापुढे सरकवले. परतताना जीपमध्ये मी विचारले, “पण आज काम काय झालं?” अक्कांनी पदराने घाम पुसला. “आज त्यांनी आपल्याला बसू दिलं. पुढच्या वेळी गोळीचं बोलू.” आणि त्या तिथेच डुलक्या घेऊ लागल्या. आबा पुढे औषध घेऊ लागले, शेतावरही जाऊ लागले.

अक्कांचे माहेर धुळ्याचे, नोकरीची बहुतेक वर्षे चोपड्याकडची. इंजेक्शन देणे, गोळ्या पोहोचवणे, जळगावच्या डॉक्टरांकडे रुग्णाला नेणे ही कामे सगळ्याच परिचारिका करतात. अक्का त्यापुढे जाऊन घरच्यांशी नाते जोडत. ‘वेडा’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एका गावात सरपंचांनीच तो उच्चारला, तेव्हा अक्कांनी त्यांना भरल्या चावडीत सुनावले, “भाऊ, त्यांना नाव आहे. नावाने हाक मारा.” त्यांचा आवाज मोठा आहे आणि रागही तसाच. आमच्यापैकी प्रत्येकाने तो कधी ना कधी सोसला आहे.

त्यांच्या कामातली एक हकीकत मात्र सविस्तर सांगायला हवी. जिची ती आहे तिने परवानगी दिली आहे. नाव तेवढे बदलून सुरेखा म्हणते.

सुरेखा चोपड्याजवळच्या एका गावची, दिली होती नरडाण्याकडे. नवरा तिथल्या एका कारखान्यात कामाला. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, मुलगी झाली, आणि काही दिवसांतच तिची झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले. हे बाळ माझे नाही, कोणीतरी बदलले, असे ती म्हणू लागली. एका दुपारी बाळाला विहिरीजवळच्या बांधावर ठेवून ती आपले ‘खरे’ बाळ शोधायला निघून गेली. नेमक्या त्याच दिवशी तिच्या सासूबाई नात बघायला आल्या होत्या. तापलेल्या मातीतून बाळाला उचलले ते त्यांनीच. त्या बाळाला घेऊन तशाच नरडाण्याला परतल्या.

सुरेखावर जळगावला उपचार झाले. कानातले आवाज शमले, झोप परतली, आणि ती माहेरी आली. मग तिने अक्कांना अहिराणीत पहिला प्रश्न विचारला तो आपल्या मुलीचा, “अक्का, मनी पोर कठे शे?”

बाळ सासूबाईंकडेच होते. तिकडे सासरी सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली होती. सोबत कोणी असेल तर आईला बाळाजवळ राहू द्यायला हरकत नाही, असे डॉक्टर सांगत होते. पण सासरचे फोन उचलत नव्हते. अक्का म्हणाल्या, “फोनवरचं कामच नाही हे. चल, जाऊन येऊ.”

नरडाण्याच्या त्या घरी आम्हाला बसायला सांगितले, पाणी मात्र विचारले नाही. अक्कांनी सुरेखाचा विषयच काढला नाही. बाळ काय खाते, पोट साफ आहे का, अंगावर घामोळे कशाने उठले, असे विचारत त्यांनी बाळाला मांडीवर घेतले. शेवटी सासूबाईच बोलल्या, नातीला तिकडे पाठवणार नाही म्हणाल्या.

“नातले मी तठे धाडस नही, अक्का. बठ्ठा गाव बोली ऱ्हायना. तिना डोकामा काय शे, कोणले माहीत?”

“ती आजारी होती. वाईट नही. तुमनी नातनी माय शे ती.”

“पुन्हा तसं झालं तर?”

मला वाटले, आता अक्का धीर देतील, काही होणार नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “होऊ शकतं. खोटं नाही सांगणार.”

मी मनात म्हटले, संपले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “बांधवरून मी उचललं हिले. माती कशी तापेल होती. मले आजून झोप लागस नही.”

अक्कांनी बाळ सासूबाईंच्या मांडीवर परत ठेवले. “मग तुम्हीच सोबत या. नात तुमच्याच मांडीवर राहू दे. आईला नुसती दिसू दे. नंतरचं नंतर.”

त्या आल्या. चोपड्याच्या दवाखान्यातल्या बाकावर दोघी सासूसुना बसल्या, मध्ये बाळ. सुरेखाने हात पुढे केले नाहीत. तिने सासूकडे बघून विचारले, “घेऊ?” सासूबाईंनी बाळ दिले, पण डोक्याखालचा आपला हात काढला नाही. तशा त्या दोघी एकच बाळ धरून बसल्या होत्या. माझे डोळे भरून आले. अक्का मात्र सासूबाईंना लक्षणे समजावत होत्या. “ती दोन रात्री झोपली नाही, की मला फोन. कोणाला विचारत बसू नका.”

सुरेखा काही महिन्यांनी सासरी गेली. पुढच्याच वर्षी एका सकाळी अक्कांचा फोन वाजला. “अक्का, तिले झोप नही,” सासूबाई सांगत होत्या. उपचार वेळेत झाले आणि या खेपेला कोणी कोणाला माहेरी धाडले नाही. ती मुलगी आता शाळेत जाते, आणि तिला शाळेत सोडायला आई जाते.

सगळ्याच हकीकती अशा सुफळ होत नाहीत. माझ्या देखरेखीखालच्या एका तरुणाने स्वतःचे जीवन संपवले, तेव्हा मी नोकरी सोडायचे ठरवले होते. अक्का माझ्या जळगावच्या घरी आल्या, स्वयंपाकघरात शिरून खिचडी टाकली, मला जेवायला लावले. मग म्हणाल्या, “आता ऊठ. त्यांच्या घरी जायचं आहे. आपण नाही गेलो, तर त्यांना वाटेल आपणही तोंड फिरवलं.” आम्ही गेलो. त्याच्या आईने माझा हात धरला, तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर मी नोकरी सोडण्याचा विचार केलेला नाही.

अक्का निवृत्त झाल्या, पण गावोगावचे फोन थांबलेले नाहीत. त्यांचे यजमान नाना तक्रार करतात, “आमच्या घरी फोन आला की ‘हॅलो’ नाही, थेट ‘झोप लागली का?’ माझ्या बहिणीलाही ही तेच विचारते!” नानांची दुसरी तक्रार गंभीर आहे. घराघरांतून ‘एकही गोळी चुकवू नका’ असे बजावणाऱ्या अक्का स्वतःची रक्तदाबाची गोळी हमखास विसरतात.

अक्का, आज तुम्ही साठ वर्षांच्या झालात. तुम्हाला निरामय, भरपूर आयुष्य मिळो. गुडघे कुरकुरू नयेत, नानांच्या सोबतीने सकाळचा चहा निवांत होवो. साठीच्या या गौरव अंकासारखा तुमच्या पंचाहत्तरीचा अंकही आम्हालाच काढायचा आहे. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक ठरवले आहे. उद्यापासून रोज सकाळी आमच्यापैकी एकाचा तुम्हाला फोन येईल: “अक्का, गोळी घेतली का?” तुम्ही खूप रागवाल, हे माहीत आहे. तरी फोन येईलच.