बसवून ठेवलेला मुलगा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काज-बटणाच्या मशीनवर होती. सगळे तिला काजवालीच म्हणत. तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना जिन्यावरून घसरला, डोक्याला साधं टेंगूळ आलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. रक्त गोठत नाही असाही आजार असतो, हे घरात कळलं ते तो गेल्यावर. पुढे तिच्या मुलालाही तोच निघाला, तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं, ह्याला पडूच द्यायचं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की इंजेक्शन वेळेवर द्या, धक्काबुक्कीचे खेळ टाळा, पण त्याला चालू द्या, पोहू द्या. तिने त्यातलं 'टाळा' तेवढं घट्ट धरलं. मधल्या सुट्टीत मुलगा वर्गातच बसे. घरी तो नुसता खुर्चीवर चढला तरी ती धावत येऊन त्याला खाली उतरवी. नवरा म्हणायचा, अगं, जरा मोकळं सोड त्याला.

"तुझा भाऊ नाही गेला," ती म्हणायची. 

मुलगा अकरा वर्षांचा झाला आणि एका सकाळी, कुठेही न पडता, त्याचा गुडघा सुजला. त्या वर्षात तसं पाच वेळा झालं. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांडीत ताकदच नाही. स्नायू सांध्याला सांभाळतात, आणि याचे ते वापरलेच गेले नाहीत."

"म्हणजे मीच केलं हे?"

 बाई म्हणाल्या, तुम्ही घाबरला होतात, आणि तो चालतो-पोहतो का, हे मीही दर वेळी खोदून विचारायला हवं होतं. गुडघा आता पूर्ण सरळ होणार नाही. पण सूज उतरली की पाण्यातला व्यायाम सुरू करा, आहे तेवढा तरी टिकेल.

सूज उतरल्यावर रविवारी ती त्याला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. आधी स्वतः उतरली. पाणी जेमतेम तिच्या कमरेला लागत होतं. मुलगा पायऱ्यांवर उभा, कठडा काही सोडेना. तिने हात पुढे केला, समजावलं, शेवटी विनवण्या केल्या.

"आई, काही झालं तर?" तो म्हणाला. शब्द तिचेच होते, सूरही तिचाच.

सहा रविवार ती त्याला नेत राहिली. सहाही वेळा तो पायऱ्यांवरच बसला. सातव्या रविवारी तिने पोहण्याच्या कपड्यांची पिशवी भरली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.