मौळीमामांनी दही सोडलं ते वर्ष

मौळीमामा मुळात हसरे गृहस्थ होते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणाला ते खरं वाटायचं नाही. आणि पुढे जे झालं ते नेमकं कशानं झालं, हे मला अजूनही नीटसं उमगलेलं नाही. अलमेलूमामींना विचारलं तर त्या एक सांगतात, माझा नवरा दुसरंच सांगतो.

१९६२ साली उमाकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सांगलीहून मद्रासला आलो. विल्लिवाक्कमला मामांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मामा तंजावरकडचे मराठी. नाव चंद्रमौळी राव, सेंट्रल स्टेशनच्या पार्सल कचेरीत कारकून. त्यांचं मराठी पोथीतल्यासारखं, त्यात मधूनच तमिळ. पहिले काही दिवस मला हसू दाबताना पुरेवाट व्हायची.

रोज सकाळी ते मागच्या पायरीवर, म्हाताऱ्या आईच्या शेजारी बसून शिळा भात खायचे. आदल्या रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यात ताक आणि मीठ, तोंडी लावायला तळलेली सांडगी मिरची. रेल्वेतला माणूस आणि हे असलं खातो म्हणून मी नाक मुरडलं. मामा मात्र हे खाऊन जे खुशीत निघायचे ते संध्याकाळी तसेच परतायचे. आज पार्सलातून बकरी सुटली, आज लोणच्याची बरणी फुटून साऱ्या कचेरीला वास लागला, असलं काहीतरी सांगत हसायचे.

पुढच्या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास त्यांच्या आई गेल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या, झोपेत गेल्या. मामा एकुलते एक. बाराव्याला गुंडो भटजींनी वर्षभराचे नियम सांगितले. बाहेरचं खायचं नाही, शिळं खायचं नाही, आणखी पाच-सहा गोष्टी. मामांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग त्यावर विचार केला. खरा घोळ तिथंच झाला. शिळं म्हणजे काय? आंबलेलं ते शिळंच की. मग दही शिळं, ताक शिळं, इडली-दोशाचं पीठही शिळं. सगळं बंद. ऊन भात, वरण, तूप, बटाट्याची भाजी आणि कॉफी. कॉफीबद्दल भटजी काही बोलले नव्हते, म्हणून ती दिवसातून सहा वेळा.

दोन-तीन महिन्यांत त्यांचं पोट बिनसलं. चार-चार दिवस कोठा साफ व्हायचा नाही, पोट फुगायचं, जेवणावर वासना राहिली नाही. पण याकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती? कारण मामा रडायला लागले होते. कचेरीत पावती लिहिता लिहिता डोळे भरायचे. घरी आले की भिंतीकडे बघत बसायचे. त्यांची मुलगी चंद्रिका पहिल्या वर्गात पास झाली, पेढे घेऊन समोर उभी राहिली, तर तिला म्हणाले, बरं. एवढंच. पोरगी पेढे घेऊन माझ्याकडे आली आणि ओक्साबोक्शी रडली.

आळीतले लोक म्हणायचे, असा मुलगा कुणाच्या पोटी जन्मतो? मीही म्हणायचे. मला वाटायचं, आईवर एवढं प्रेम करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे. आज स्वतःचाच राग येतो. डोळ्यांसमोर माणूस खंगत होता आणि आम्ही त्याची वाहवा करत होतो.

आठव्या महिन्यात त्यांनी कचेरीत जाणं सोडलं. नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला. तो मामींनी डाळीच्या डब्यात लपवला आणि मला बरोबर घेऊन मामांना पुरसवाक्कमला डॉक्टर नारायणस्वामींकडे नेलं. डॉक्टर म्हातारे आणि तिरसट. त्यांनी मनाबद्दल चकार शब्द काढला नाही. शौचाला कधी होते, काय खाता, आधी काय खात होता, कधीपासून सोडलं. मामींचा पारा चढायला लागला. शेवटी डॉक्टर म्हणाले की पोट आणि मन एकाच घरात नांदतात, एकाचं बिनसलं की दुसऱ्याचं बिनसतं, हे का होतं ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण मी पाहिलंय. दही-ताक चालू करा, कॉफी कमी करा, महिन्यानं या.

मामा घरी आल्यावर मागच्या पायरीवर बसले आणि मला हाक मारली.

"शैला, मज एक सांग. आठ महिने मी रडलों. तें अम्माकरितां नव्हे, पोट बिघडलें म्हणून, असें डॉक्टर म्हणतो. मग अम्माकरितां मी काय केलें?"

मी म्हटलं, मामा, दोन्ही असेल. ते म्हणाले, "दोन्ही असेल तर कोणतें किती?" त्यांनी निक्षून सांगितलं, दही खाणार नाही. दही खाऊन रडणं थांबलं तर डॉक्टर खरा ठरेल, आणि मग मी कसला मुलगा? मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांना नवरा परत हवा होता, आणि नवऱ्याला बरं व्हायचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मामी तडक गुंडो भटजींकडे गेल्या आणि त्यांना घेऊनच आल्या. भटजींनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"दही सोडा म्हणून कोण सांगितलें तुम्हांस? दर मासिक श्राद्धाला ब्राह्मणांच्या पानांत तुम्हीच दही वाढतां की नाहीं?"

खरंच की. आठ महिने, आठ वेळा, मामांनी स्वतःच्या हातानं दही वाढलं होतं. मामींनी ते विरजलं होतं. मी भांडी घासली होती. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मामा पार गोंधळले, वही आणून वाचायला लागले. वहीत दह्याचं नावही नव्हतं. भटजी म्हणाले, शिळा भात वर्ष संपल्यावर, दही-ताक आजपासून. भटजींपुढे मामांचं काही चाललं नाही.

पहिला आठवडा काही फरक नाही. मग हळूहळू पोट ताळ्यावर आलं, झोप लागायला लागली. महिन्याभरानं कचेरीत जायला लागले. ताकानं झालं म्हणावं तर कॉफीही सहावरून दोनवर आली होती, रजेत विश्रांतीही झाली होती. उमाकांत म्हणतो, दिवस गेले की दुःख आपोआप ओसरतं, ताकाचं काय घेऊन बसलात. मामी म्हणतात, ताकच. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी नुसते खांदे उडवले.

मामांना मात्र सुटल्यासारखं वाटत नव्हतं. एका संध्याकाळी पार्सलातल्या कोंबड्यांची गंमत सांगता सांगता ते खदखदून हसले आणि मध्येच थांबले. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा झाला. नंतर कितीतरी दिवस ते आईच्या फोटोसमोर बसून रडायचा प्रयत्न करायचे. रडू येत नव्हतं. डॉक्टर खरा ठरला, एवढंच ते मला म्हणाले.

वर्षश्राद्ध झालं. दोन दिवसांनी सकाळी मामींनी शिळा भात कालवून दिला. मी नळावर कपडे धूत होते. मामांनी सगळा भात संपवला, बोटं चाटली, आणि कुणी काही विचारलेलं नसताना मोठ्यानं म्हणाले, "भरलें."

मामी दारात आल्या. काय भरलं, म्हणून विचारलं. मामा वळून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. म्हणाले, "पोट भरलें का रे, म्हणून अम्मा रोज विचारत होती. आज विचारली नाहीं." आणि त्यांना रडू फुटलं.

मामींच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या जवळ बसल्या, पोटावर हात ठेवून विचारलं, दुखतंय का, फुगलंय का, कोठा साफ झाला का. मामा रडत होते आणि मान हलवत होते. मग त्यांनी मामींचा हात पोटावरून उचलून आपल्या हातात घेतला.

"पोट बरें आहे, अलमेलू," ते म्हणाले. "अगदीं बरें आहे. हें अम्माकरितांच."