आमच्या लायनीत जिल्हा आला

चार दुकानं भिंतीला भिंत लावून असली की किस्से पिकवायला वेगळी शेती लागत नाही. ब्याऐंशीत गडचिरोली जिल्हा झाला, आणि तेव्हापासून आमच्या लायनीत इतके किस्से साचलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच तोंड घालतो!

लायनीत माझा फोटो स्टुडिओ, करीमभाईंचं टेलरिंग, शेठचं कापडाचं दुकान आणि कोपऱ्यावर जनाबाईंचं चहाचं हॉटेल. चारही गाळे शेठच्याच मालकीचे. बदल्या होऊन साहेब लोक येऊ लागले आणि शेठला कोपऱ्यावर लॉज दिसू लागलं. जनाबाईंचा नवरा वारलेला, दोन पोरी शाळेत, सगळं घर त्या चहावर. शेठ रोज म्हणायचे, "बाई, दुसरी जागा पाहा." बाई रोज म्हणायच्या, "पाहून राह्यली ना जी!" आणि पुढचा चहा टाकायच्या.

*

खेड्यातून आलेल्या माणसाला फोटोत मागे शहर लागायचं. म्हणून माझ्या पडद्यावर उंच बिल्डिंग आणि लाल मोटार. कुरखेड्याकडची कितीतरी नवी जोडपी त्या मोटारीला टेकून उभी राहिली आहेत.

मग पुण्याचे एक साहेब आले. म्हणाले, "आईला फोटो पाठवायचाय. मागे जंगल पाहिजे."

मी मागचं दार उघडलं. "या ना जी! जंगलच जंगल!"

साहेबांनी सागाच्या झाडांकडे एक नजर टाकली. "नको, साप असतील. पडद्यावरच काढून घ्या."

पेंटरला सांगितलं. त्याने कॅलेंडर समोर ठेवून नारळाची झाडं रंगवली! साहेब पडद्यासमोर उभे राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! अगदी गडचिरोली!"

*

करीमभाई कुठलाही कपडा अंगापेक्षा सैल शिवायचे. त्यांचं गिऱ्हाईक तेंदूपत्त्याच्या हंगामात हाती पैसा आला की कपडा शिवणारं, आणि तो पुढं वर्षानुवर्षं वापरणारं. सवय हाताला बसलेली. एका नव्या साहेबांचा सफारीही त्यांनी तसाच शिवला.

साहेब आरशासमोर तापले. "अहो, यात माझ्यासारखे दोन मावतील!"

करीमभाईंनी खांद्यावरचा टेप सारखा केला. "साहेब, नवी नवी बदली आहे. थोडे दिन रुको, बराबर बसते!"

वर्षभराने तेच साहेब पुन्हा आले. सफारी उसवून ढिला करायला!

*

शेठनी नागपूरहून काचेचं दार आणवलं. लायनीत पहिलं! आठवडी बाजाराचा दिवस उजाडला आणि दुकानात कुत्रंसुद्धा फिरकेना. बाहेर मात्र माणसांची ही गर्दी.

शेठ बाहेर आले. "अरे, आत या ना!"

एक म्हातारबा म्हणाले, "दुकान बंद आहे ना जी."

"बंद कुठं? उघडंच आहे!"

"मंग दरवाजा काऊन लावला?"

त्या दिवसापासून नागपूरचं काचेचं दार विटेचा टेकू लावून सताड उघडं असतं.

*

एकदा नवीन बदलून आलेले एक साहेब जनाबाईंच्या बाकावर बसले आणि त्यांनी मेनूकार्ड मागितलं.

"मीच आहे ना जी. विचारा."

"काय काय मिळतं?"

"चहा."

"आणखी?"

"पह्यले हा तर घ्या. मंग आणखी देते!"

*

शेठची लॉजसाठी गाळ्यांवरची माडी बांधून झाली. लॉजच्या काउंटरसाठी खालचा बाईंचा गाळा तेवढा हवा होता. आता शेठ ऐकेनात. चंद्रपूरची बस त्याच कोपऱ्यावर थांबायची, म्हणजे उतरलं माणूस की सरळ लॉजमध्ये! त्यांनी बोर्डही रंगवून घेतला, 'बस स्टॉपसमोर'. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईंनी भांडी हातगाडीवर टाकली. हाकेच्या अंतरावर, मोहाच्या झाडाखाली चूल मांडली. करीमभाईंनी आणि मी वर ताडपत्री बांधून दिली. खरं सांगतो, फार वाईट वाटत होतं. पोरींची फी आता निघणार कशी, याच विचारात मी गाठी मारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पांढऱ्या कपड्यांत कोपऱ्यावर उभे. हातात झेंडूचा जाडजूड हार. बसमधून पहिला जो उतरेल त्याच्या गळ्यात घालायचा!

बस आली. शेठनी हार वर धरला. ड्रायव्हरने मोठ्यानं हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढं नेली. थेट मोहाच्या झाडाखाली थांबवली, खाली उतरला आणि जनाबाईंच्या बाकावर बसला. मागोमाग सगळे प्रवासीही उतरले.

हार सांभाळत शेठ धावत तिथं पोचले. दम लागलेला. "अरे, गाडी इथी काऊन लावली?"

ड्रायव्हर बशीत चहा ओतत होता.

जनाबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि शेठच्या हातातला हार अलगद काढून घेतला.

"कायले तकलीफ घेतली जी शेठ? पण बरं झालं आणला. नव्या दुकानाले हार पाह्यजेच होता!"