चोळीबांगडीचं शेत

सदाशिवरावाचं नाव काढलं की मला किळस येते. तसा माणूस दारू पीत नाही, कुणाला लुबाडत नाही. घाटंजीत तहसीलसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून, त्याने जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. कुठे अडलं की म्हणायचा, "थांबा, वकिलाले विचारून येतो." त्या एका वाक्यावर लोक त्याच्याकडे यायचे. मोबाईलमध्ये कायदा सांगणारं एआय आलं आणि ते वाक्य त्याच्या तोंडी उरलंच नाही.

उन्हाळ्यात शकुबाई आली. लग्नात बापाने तिला चोळीबांगडीसाठी शेताचा तुकडा दिला होता, तोंडीच. बाप गेला तरी सातबारा त्याच्याच नावे राहिला, पण शेत वाहत, कसत आली ती. नवरा गेल्यावर तिचं पोट त्यावरच. आता भावाचा पोरगा गोपाल मागे लागला होता, हक्कसोड लिहून दे म्हणून.

सदाशिवरावाने फोनला विचारलं, चोळीबांगडी दिली, तर बाईचा जमिनीवर हक्क येतो का? शेतच चोळीबांगडीत दिलंय, हे सांगितलंच नाही. फोन म्हणाला, चोळी आणि बांगड्या हे स्त्रीधन, त्याने जमिनीवर हक्क येत नाही. वर कोर्टाचा एक निकालही चिकटवला, क्रमांकासकट.

अरे, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल चोळीबांगडीचं शेत म्हणजे काय! पण यानं अक्कल फोनकडे गहाण टाकलेली.

"शकुबाई, भांडसान तं हारसान. कोर्टाचा निकाल हाये."

तिने हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला. गोपालने साडी नेसवली, आणि पेरणीला शेताभोवती तार ओढली.

मग मीच तिला यवतमाळला समीक्षा वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी खूप शोधलं, पण असा निकाल कोर्टाने कधी दिलेलाच नव्हता. "बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा असतोच, मावशी. अंगठा काहून दिला?" आता तो कागद मोडायला दावा टाकायचा, आणि तोवर शेत गोपालच्या ताब्यात.

परतल्यावर शकुबाई सदाशिवरावापुढे उभी राहिली. तो चहा पीत होता.

"म्या थोडीच सांगतलं? फोननं सांगतलं."

मला तिथेच थुंकावंसं वाटलं.

शकुबाई म्हणाली, "फोनले माहेर नसते, भाऊ. तुमची बहीन बी चोळीबांगडीचंच शेत वाह्यते. तिले सांगतलं का, सोड म्हनून?"