निळा ग्रुप

धामणगाव बढ्यात माह्या दुकानावर पाटी आहे, ‘मलिहा मोबाईल’. मलिहा माही पोरगी. पाटीखाली मी माह्या हातानं अजून एक ओळ लिहून ठेवेल आहे: ‘तुमचा फोन, तुमचा हक्क’. ही ओळ वाचून आजलग एकही गिऱ्हाईक आत आलं नाही. लोक येतात ते काच फुटली म्हणून, नाहीतं चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून. मंग मात्र त्यायले माह्या ओळीवरचं भाषण ऐकाच लागते, कारण फोन खोलून टेबलावर पडेल असते अन् स्क्रू माह्या मुठीत असतात.

मले प्रत्येक गोष्टीवर मत आहे. ज्या फोनची बॅटरी नखानं निघत नाही तो फोन आपला नाही, भाड्याचा आहे, असं माहं मत. फुकटच्या अ‍ॅपवाल्याले आपल्या घरात काय शिजलं तेही कळते, असंही मत. एका साली नेट सगळ्यायले सारखं भेटलं पाहिजे म्हणून दिल्लीले मेल पाठवाची मोहीम निघाली होती. तवा मी चौकात खुर्चीवर उभा राहून भाषण ठोकलं. खाली उकंडराव काका उभे होते. ते म्हणे, "फहीम, नेट तं गावात कोणालेच नाही. सारखंच हाय की बे!"

सगळा चौक हसला. मीही खुर्चीवरून उतरलो, कारण मेल पाठवाले खरंच नेट नव्हतं.

उकंडराव काका म्हणजे माह्या अब्बांचे जिवलग. अब्बा गेल्यावर मी दुकान टाकलं, तवा पहिला फोन त्यायनंच घेतला, गरज नसताना. तो फोन घेऊन ते दोन-चार दिवसाआड दुकानात यायचे. "जरा पाहून दे, काहीतरी बिघडलं," म्हणायचे. बिघडेल काहीच नसे. मी फोन खोलायचो अन् बोलायले लागायचो, कंपन्या कशा आपली पाळत ठेवतात, पासवर्ड कसा लांब पाहिजे, अन् ते मान डोलवत बसायचे. माहं इतकं कोणीच ऐकलं नाही, माह्या बायकोनं तं अजिबातच नाही. माहं संपलं की काका विचारायचे, "बरं, चहा सांगू का?"

एकदा मी त्यायले म्हणलं, "काका, तुमचं बीटी कपाशीचं बियाणं अन् हे अ‍ॅप, दोन्ही सारखेच. दरसाल कंपनीच्या दारात जा, आपल्या हातात काही नाही. हा हक्काचा प्रश्न आहे."

"हाव," काका म्हणे. "पण अळी पडाची नाही म्हणून मी बीटी पेरली, अन् आता अळी बोंडात आरामात बसून राह्यली. तुह्या हक्काचं पहिले तिले सांगून पाह्य."

ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती अन् वरून चांगली हिरवीगार दिसे. बोंड फोडलं की आत अळी. लोक फवारणीवर फवारणी मारून राह्यले होते, अन् झाडं उंच असल्यानं निम्मा फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर येई. रोज नवं औषध निघे. तवर गावात नेटही आलं होतं, म्हणून एक रीत पडली होती: पंप भरायच्या आधी बाटलीचा फोटो काढाचा, ‘पऱ्हाटी’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकाचा अन् विचाराचं, हे चालते का, ह्याच्यासंगं ते मिसळू का.

चांगलं चालून राह्यलं होतं. मंग मी हात घातला.

दुकानात व्हॉट्सअ‍ॅपचं नाव घ्याले मी बंदी केली, ‘हिरवं’ म्हणाचं. त्याच्या जागी मी एक निळं अ‍ॅप शोधून काढलं. वर कुलपाचं चित्र, कोणी काही वाचू शकत नाही, अन् सगळ्यात भारी म्हणजे टाकलेलं सगळं एका दिवसात आपोआप पुसल्या जाते. "जपून ठेवेल मेसेज म्हणजे उद्याचा साक्षीदार!" असं मी सांगत सुटलो. हे वाक्य माहंच आहे, मले लय आवडे. फोन दुरुस्तीले आला की मी निळं टाकून द्यायचो अन् त्याले ‘पऱ्हाटी’तून काढून नव्या ग्रुपात घ्यायचो.

अन् काय सांगू, गाव ऐकाले लागलं! रोज निळ्या ग्रुपवर काही ना काही येऊ लागलं. कधी बोंडाचा फोटो, कधी ढगाचा, कधी नुसता ‘नमस्कार फहीमभाई’. माही छाती फुगली. घरी बायकोले, राबियाले, म्हणलं, "पाह्य, गाव बदललं." राबिया तव्यावर भाकर उलटत होती. म्हणे, "हाव ना, लयच बदललं." अन् हसली. मले वाटलं भाकर टम्म फुगली म्हणून हसली.

एका सकाळी काकायनं निळ्या ग्रुपवर फोटो टाकला. वावराच्या बांधावर दोन बाटल्या. गाडीवर औषध विकणाऱ्या एका फिरत्या माणसाकडून घेतल्या होत्या, ना बिल ना पत्ता. खाली लिहेल: ‘दोन्ही एका पंपात चालतात का?’

मी लगेच उत्तर दिलं. काय दिलं? ‘काका, फोटोसंगं तुमच्या वावराचं लोकेशन जाऊन राह्यलं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.’ वर आवाजाचा एक लांबलचक मेसेज, लोकेशन कसं बंद कराचं त्याचा. काकायनं अंगठा दाखवला. मी खुश होऊन स्वतःलेच चहा सांगला. बाटल्यायवर काय लिहेल होतं, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकायच्या वावराशेजारच्या गुलाबरावची जीप दुकानापुढं करकचून थांबली. मागच्या सीटवर काका आडवे होते, अंगात नुसती बंडी. तोंडातून लाळ गळत होती, घामानं भिजेल होते अन् हातपाय झटके देत होते. त्यायचं डोकं मांडीवर घेऊन त्यायची घरवाली, मंजुळाकाकू, बसेल होत्या. "फहीम, बस लवकर," एवढंच बोलल्या. मी शटर तसंच उघडं टाकून बसलो. बुलढाण्यापर्यंत काकायचे पाय धरून होतो, अन् त्यायनं मले एकदाही ओळखलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं डोळ्यात बॅटरी मारून पाह्यली. "काय फवारलं? नाव सांगा. उपचार सुरू केलेत, पण नेमकं औषध कळलं पाहिजे. एकाला उतारा आहे, दुसऱ्याला वेगळंच काही करावं लागतं. बाटली आणली का?"

"बाटल्या फोडून गाडून टाकल्या, बाई," मंजुळाकाकू म्हणाल्या. "वावरात लेकरं खेळतात. अन् त्यायचा फोन कुडत्याच्या खिशात राह्यला, कुडतं वावरात फेकलं. पण ग्रुपवर फोटो टाकेल हाय त्यायनं."

"फोटो आहे!" मी जवळपास ओरडलो. "माह्या ग्रुपवर आहे!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा माहं ज्ञान कोणाच्या जिवाच्या कामी येऊन राह्यलं होतं. मी निळं अ‍ॅप उघडलं. वर कुलूप. खाली एकच ओळ: ‘येथे एकही संदेश नाही.’

अ‍ॅपनं आपलं काम चोख केलं होतं. मी बोटानं पडदा वर-खाली ओढत राह्यलो. डॉक्टरीणबाई माह्याकडं पाहत होत्या. मी म्हणलं, "हे... एका दिवसात पुसल्या जाते. सुरक्षेसाठी." त्यायनं विचारलं, "कोणाच्या?" मी डोळे मिटून बाटल्या आठवून पाह्यल्या. एक उंच होती अन् एक बुटकी, याच्या पुढं काहीच आठवेना. लोकेशनचं भाषण मात्र शब्द न शब्द आठवत होतं. या अल्ला, काका मेले तं मीच मारले, असं मनात आलं.

तवा मंजुळाकाकू गुलाबरावकडं वळल्या. "काढ ना आता तो. आता कायची लाज हाय?"

गुलाबराव खाली मान घालून म्हणे, "फहीमभाई, रागावू नका." अन् त्यानं फोन काढला. हिरवं उघडलं. ग्रुपचं नाव: ‘पऱ्हाटी, खरा ग्रुप’. काकायचा तोच फोटो तिथं होता. दोन बाटल्या, ठळक नावं. खाली गावातल्या बनाबाईनं आज सकाळी बजावेल: ‘दोन्ही संगं मारू नका हो!’ तवापर्यंत काकायनं पंप भरला असन. डॉक्टरीणबाईनं फोटो मोठा करून नावं वाचली अन् धावतच आत गेल्या.

मी बाकड्यावर बसलो. गुलाबरावचा फोन माह्याच हातात राहेल होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, ते पाह्यलं. राबिया! माही बायको! मी निळं टाकत फिरलो अन् ती मागून सगळ्यायले हिरव्यात परत घेत गेली होती. राग आला, खोटं कशाले बोलू. म्हणलं, पाहू तरी, माह्यावर काय काय विनोद केले.

विनोद होतेच. माह्या भाषणाची नक्कल करून कोणी आवाज पाठवेल होते, अन् चांगली केली होती. वर वर सरकत ग्रुपच्या पहिल्या दिवसापाशी गेलो. तिथं उकंडराव काकायचा मेसेज होता: ‘सगळ्यायनं फहीमच्या निळ्यातही टाकत जा. पाण्याची पाळी लावतो तशी पाळी लावून घ्या. रोज एकानं तरी टाकलंच पाहिजे. पोरगं मन लावून करून राह्यलं. ग्रुप रिकामा दिसला तं खचून जाईन. त्याले सांगू नका.’

खाली सगळ्या गावानं अंगठे दाखवेल होते.

म्हणजे तो ढगाचा फोटो, तो ‘नमस्कार फहीमभाई’, सगळं पाळीनं आलेलं होतं. अन् बाटल्यायचा फोटो निळ्यात आला त्या दिवशी काकायची पाळी असन. मी तोंडावर रुमाल धरून रडलो. गुलाबरावले वाटलं अपमान झाला म्हणून रडून राह्यलो. तो बिचारा म्हणे, "मी ती नक्कल डिलीट करतो, फहीमभाई." मी म्हणलं, "राहू दे बे. चांगली आहे."

काकायनं वाट पाहाले लावली. दोनदा डॉक्टरीणबाईनं मंजुळाकाकूले बाहेर पाठवलं अन् दोन्ही वेळा आमचा जीव टांगणीले लागला. पण काका वाचले. ज्या दिवशी नीट बोलू लागले, त्या दिवशी मी खाटेजवळ उभा होतो. त्यायनं मले पाह्यलं, ओळखलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"फहीम, तुह्या निळ्या ग्रुपवर टाक. उकंडराव बरा हाय म्हणा."

त्यायले अजून माहीतच नव्हतं की मले सगळं माहीत झालं. मी कसंबसं म्हणलं, "काका, ते एका दिवसात पुसल्या जाईन."

काकायनं डोळे मिटले. म्हणे, "मंग रोज टाक."